चरापलीकडच्या आण्णांस

कोल्हापूर, १२ एप्रिल २०२०

श्री. आदगोंडा आण्णा पाटील, अध्यक्ष, ग्रामपंचायत येळगट्टी (कर्नाटकात सरपंचाला अध्यक्ष म्हणतात, म्हणून मानानं तसंच लिहितो), यांना त्यांचे व्याही तात्यासो मगदूम यांचा सप्रेम जय जिनेंद्र.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र. माझं अक्षर म्हणजे चिखलातून मशीन गेल्यावर उठलेल्या चाकोऱ्या, तेव्हा सांभाळून वाचा. शिवगोंडा दूधवाल्याबरोबर पाठवतोय. कोरोना येऊ नये म्हणून तुम्ही सीमेवरच्या रस्त्यात चर मारलात, तरी तुमच्या गावची भरलेली कॅनं त्यातून अलीकडं येतात आणि रिकामी पलीकडं जातात. त्यातल्याच एका रिकाम्या कॅनच्या कडीला पिशवी बांधून दिलीय. दुधाला अजून कुणी नाव-गाव विचारत नाही, एवढं बरं आहे.

चराचं काम झकास झालं, अशी पोच हंबीररावनं दिली. हंबीरराव म्हणजे माझ्या जेसीबीचा जुना ऑपरेटर. पोरांच्या लग्नात तुमच्या पंगतीला बसून श्रीखंडावर आडवा हात मारणारा तोच. (तुम्हाला साखरेचा आजार, म्हणून व्याहीणबाईंनी तुमची वाटी उचलली आणि ती पण यानंच संपवली.) त्याला विचारलं, "काय रे, चर मारताना उभा कुठल्या बाजूला होतास?" तर म्हणतो, "मालक, एवढं येडं न्हाय मी. पलीकडं उभा ऱ्हायलो असतो तर मशीन बी कर्नाटकात आन् मी बी कर्नाटकात. आपल्या बाजूनंच मारला. अध्यक्ष सोता काठावर उभं हुतं. म्हणलं, आणि खोल घे, म्हशीला सुदिक उडी मारता येऊ ने."

चरात तुमच्या पोरांनी बाभळीचे काटेरी फास आणि फोडलेल्या बाटल्या टाकल्यात, असंही कळलं. बंदोबस्त म्हणजे बंदोबस्त. मातीतल्या जीवांची क्षमा मी दरवर्षी पर्युषण संपल्यावर मागतो, मशीनवाल्याला ती मागावीच लागते. यंदा तुमच्या चराचीही त्यात घालीन.

आता रागाचं. महावीर जयंतीला मी फोनवर चेष्टा केली, ती तुम्हाला लागली. मी म्हणालो होतो, "आण्णा, ही सीमा पुसा म्हणून तुम्ही जन्मभर घोषणा दिल्या, दर एक नोव्हेंबरला दंडाला काळी पट्टी बांधून सायकल मारली, पाठीवर काठ्या घेतल्या. आणि दोन सरकारांना साठ वर्षांत आखता आली नाही अशी पक्की सीमा माझ्या मशीननं एका दुपारात आखून मोकळं झालात!" फोन स्पीकरवर आहे आणि कट्ट्यावर अर्धं गाव बसलंय, हे मला काय ठाऊक? लोक आता त्या चराला 'अध्यक्षांची सीमा' म्हणतात, असं जावयाकडून, तुमच्या सम्मेदकडून कळलं. जाऊ द्या. माझी जीभ सैल आहे, मन वाईट नाही.

मुद्द्याचं लिहितो. चंदनाचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे ओटीभरणाच्या दिवशी ठरलंय. पाडवा झाला की आणायची होती, तर पाडव्याच्याच दिवशी सगळं बंद झालं. आता सातवा सरत आलाय. तिची डॉक्टरीण राजारामपुरीतली, पहिल्या महिन्यापासून तिचंच औषध चालू आहे. मी चराच्या अलीकडं गाडी आणून उभी करतो. तुमच्याकडच्या चौघांनी पोरीला खुर्चीत बसवून उतरवावं, आमच्याकडचे चौघं वर घेतील. नाहीतर मशीन आणतो, चर बुजवतो, पोरगी अलीकडं आली की होता तसा परत मारून देतो. डिझेलसकट.

तेवढा होकार कळवा.

आपला,
तात्यासो

ता. क. – चंदनाच्या आईनं आवळ्याची सुपारी दिलीय. ती पोरीसाठी आहे, वाटेत शिवगोंडानं खाल्ली नाही तर.


कोल्हापूर, २३ एप्रिल २०२०

आदरणीय आण्णा,
सप्रेम जय जिनेंद्र.

तुमचा निरोप सम्मेदनं फोनवर सांगितला. 'गावाला नियम एकच. माझ्या सुनेला वाट दिली तर भरमाला कुठल्या तोंडानं भेटू?'

भरमाचं मला तेव्हाच कळलं. त्याची आई गडहिंग्लजला लेकीकडं वारली आणि तुम्ही त्याला चराच्या काठावरून माघारी आणलंत. तो ढिगाऱ्यावर बसून रडत होता आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसून होतात म्हणे. तुम्ही दुष्ट आहात असं मी कुणाजवळ म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. तुमच्या गावात अजून एकही पेशंट नाही आणि ते तुमच्यामुळं, हेही मान्य. पण भरमाची आई गेलेली होती, आण्णा. चंदना यायची आहे, आणि एकटी नाही.

काल मी चरावर येऊन गेलो. तुम्हाला कळलं असेलच, तरी माझ्या बाजूनं सांगतो. महापालिकेच्या नाल्याचं काम आहे, त्यामुळं माझ्याकडं फिरायचा पास आहे. कागलपर्यंत कुणी अडवलं नाही. गाडी लांब लावली, ढिगाऱ्यावर चढलो आणि सम्मेदला फोन केला. तुमची दोन पोरं बाभळीखाली मोबाईल बघत बसली होती, ती उठली.

"ओ पावणं, हिंद सरीरी! मागं व्हा!"

म्हटलं, "मागंच हाय की रे. तुमच्या अध्यक्षांचा व्याही हाय मी. हा चर माझ्याच मशीननं मारलाय."

"मग तर तुमाला ठावंच असंल किती खोल हाय त्यो," त्यातला एकजण म्हणाला. पोरगं हुशार आहे. लॉकडाऊन उठल्यावर कामाला पाठवा माझ्याकडं.

मग सम्मेद आणि व्याहीणबाई चंदनाला घेऊन आल्या. ती तिकडच्या ढिगाऱ्याशी उभी आणि मी इकडं. मधे चर. लग्नात अंतरपाट धरतात, त्याहून थोडा जास्त रुंद, एवढंच. पण ओरडून बोलावं लागत होतं.

"बाबा, बरी हाय मी. तुम्ही उन्हातनं कशाला आला?"

"तुझ्या आईनं शिरा दिलाय. टाकू का?"

"टाकू नका, फुटंल डबा. दुधाच्या गाडीतनं द्या. मामांच्या पत्रासंगं."

सासऱ्याला ती मामा म्हणते, म्हणजे माझं पत्र तुम्ही घरात वाचून दाखवलंत. म्हणजे राग उतरतोय, असं मी धरून चाललो.

व्याहीणबाई म्हणाल्या, "दाजी, काळजी करू नका. पोरीला फुलासारखी ठेवलीय आमी."

"त्यात शंका न्हाय, आक्का," मी म्हटलं.

पण आण्णा, माझा कान तुम्हाला माहीत आहे. ट्रॅक्टरवर क्लीनर होतो तेव्हापासून मी कानावर पोट भरलंय. पंपाची घरघर ऐकून कुठलं सील गेलंय ते सांगायचो, म्हणून मालकानं स्टिअरिंग हातात दिलं, आणि स्टिअरिंगवरनं मी पहिल्या जुन्या मशीनवर आलो. काल चराच्या अलीकडून मी पोरीचा श्वास ऐकला. 'बरी हाय मी' एवढ्या तीन शब्दांत ती एकदा थांबली. आणि ती चालत आली तेव्हा चपला तिच्या नव्हत्या. घसपट घसपट वाजत होत्या. सम्मेदच्या होत्या. बाईमाणूस नवऱ्याच्या चपला घालतं ते तिचे पाय तिच्या चपलेत मावत नसले की.

तुम्हीही होतात तिथं. शाळेच्या भिंतीआड. तुमच्या कापशीच्या चपलेची करकर मी आख्ख्या येळगट्टीत ओळखीन. तुम्ही आलात, थांबलात आणि पुढं न येता परत गेलात. पुढं आला असता तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?

त्या भिंतीआड तुमच्या मनात काय चाललं होतं ते माहीत नाही. पण पोरीचे पाय सुजलेत, ते एकदा तुमच्या डोळ्यांनी बघा.

आपला,
तात्यासो


कोल्हापूर, ९ मे २०२०

आण्णा,

जय जिनेंद्र. आज चेष्टा नाही.

राजारामपुरीच्या डॉक्टरणीशी बोललो. तिनं फोनवर चंदनाला विचारलं, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढं काजवे येतात का. चंदनानं 'न्हाय' म्हणून सांगितलं. मी शेजारी बसून ऐकत होतो. डॉक्टरीण म्हणाली, "नाही म्हणतेय ती." मी म्हटलं, "बाई, ती खोटं बोलतेय. तिच्या सासूला विचारा." मग व्याहीणबाईंनी खरं सांगितलं. ब्लडप्रेशर चढलंय. तुमच्या बाजूचा डॉक्टर दवाखाना बंद करून बसलाय आणि शटरच्या खालनं गोळ्या सरकवतो, हेही त्यांच्याचकडून कळलं.

डॉक्टरीण मला म्हणाली, "मगदूम, वाट बघू नका. पेशंट माझ्यासमोर पाहिजे. अशात झटके येतात. आले तर तासांचा हिशेब राहत नाही."

तुम्ही लिहून पाठवलंत ते मिळालं. महिन्याभरात तुमच्याकडून आलेली ही पहिली ओळ. 'हायवेच्या नाक्यावरून रीतसर न्या. चर उघडला तर उद्या सगळं गाव उघडेल.'

रीतसर करतोय, आण्णा. इकडच्या कचेरीचा पास मिळाला. तुमच्या बाजूचा मिळायला तुमच्या पंचायतीचा दाखला पाहिजे, तो तुम्ही लगेच दिलात, खोटं बोलणार नाही. पण तो पुढं कुठं अडकलाय ते कुणी सांगत नाही. इकडचा साहेब म्हणतो, तिकडून नाव आलं पाहिजे. तिकडचा म्हणतो, इकडून आधी यावं. मी आयुष्यभर दोन्हीकडच्या साहेबांना चहा पाजून कामं केली. पहिल्यांदा असं झालंय की चहा पाजायला साहेब समोर येत नाही. फोनवर बेल वाजते, किंवा ते कन्नडमधलं रेकॉर्ड लागतं.

पास मिळेल. पण मिळेपर्यंत काय?

म्हणून परत विचारतो. मशीन माझं. चर माझ्या मशीननं मारलेला. माझं मशीन आज कागलच्या अलीकडं पेट्रोल पंपावर उभं आहे, तिथून चरापर्यंत यायला वेळ लागत नाही. मी न विचारता बुजवू शकतो. तुमची दोन पोरं मला काय अडवणार? पण मी विचारतोय. विचारतोय, कारण माझी पोरगी तुमच्या घरात आहे आणि बाळंत होऊन तिला परत तुमच्याच घरात नांदायचं आहे. आणि दुसरं, आजवर लपवलेलं, तेही सांगतो. मशीन पकडलं तर महामारीच्या कायद्यात जाईल, परत कधी सुटेल देव जाणे. ते जाईल याची मला भीती वाटते. बापाला वाटू नये, पण वाटते.

अजून एक. फोन स्पीकरवर होता हे मला कळलं होतं. पहिल्या पत्रात मी ठाऊक नव्हतं म्हणून लिहिलं, ते खोटं. स्पीकर लावला की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. मागं माणसं खोकत होती, तेही ऐकलं. ऐकून मला आणखी चेव आला. ऐकणारे असले की मी जास्त बोलतो. त्या दिवशी मी तोंड मिटलं असतं, तर आज तुम्हाला 'अध्यक्षांनी व्याह्याच्या बोलण्यावर सीमा मोडली' या टोमण्याचं भय नसतं. ते भय तुम्हाला आहे, हे मला कळतं. पण माझ्या तोंडाचा राग पोरीवर काढू नका.

एक शब्द पाठवा. हो म्हणा. कागदावर नको, शिवगोंडाला नुसतं सांगा.

तात्यासो


कोल्हापूर, २४ मे २०२०

श्री. आदगोंडा पाटील,

सम्मेद इथं महापालिकेच्या शाळेत विलगीकरणात आहे. त्याची चाचणी निगेटिव्ह आली. तो जेवतो, असं तिथला शिपाई सांगतो.

मुलगी आहे. काचेच्या पेटीतून परवा बाहेर काढली. वजन कमी आहे, दूध चमच्यानं घेते. रडते चांगली.

त्या दिवशी काय काय झालं हे तुम्ही सम्मेदला पुन्हा पुन्हा विचारताय. तो पोरगा ते किती वेळा सांगणार? मी एकदा लिहितो, मग विचारू नका.

सकाळी झटका आला. तुम्ही म्हणालात तसं, तुमच्याच गाडीतून, तो तिला घेऊन हायवेच्या नाक्यावर रीतसर गेला. नाक्यावर दोन्हीकडचे कागद मागितले. एकीकडचा होता. तिथल्या माणसांनाही वाईट वाटत होतं, असं सम्मेद सांगतो. एकानं पाण्याची बाटली दिली. पण बांबू कुणी उचलला नाही. सम्मेदचा फोन आला तेव्हा मी नाल्याच्या कामावर होतो. म्हटलं, "फिर माघारी. चरावर ये. मी ॲम्ब्युलन्स घेऊन येतो." हंबीररावला मशीन घेऊन यायला सांगितलं. पण मशीन आदल्याच दिवशी कोडोलीला पाठवलं होतं. पंपावर रिकामं उभं राहायला नको, म्हणून मीच पाठवलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा तुमचं अर्धं गाव काठावर होतं आणि तुम्ही चरात. बाज तुम्ही खालून धरली होती, सम्मेदनं आणि भरमानं दुसरीकडून. हो, भरमा होता. ज्याला तुम्ही आईकडं जाऊ दिलं नाही, तो. आम्ही वरून घेतली. माती सुटी होती, पाय घसरत होते. ॲम्ब्युलन्सचं इंजिन चालू, माणसं ओरडत होती, "हळू हळू, डोकं वर धरा." कागलला पोचेपर्यंत दुसरा झटका आला. इथं पोचल्या पोचल्या ऑपरेशन केलं. डॉक्टरीण बाहेर आली आणि पहिल्यांदा म्हणाली, "मुलगी आहे." मला ऐकू येतं. कुठल्या बातमीच्या आधी कुठली बातमी सांगतात, ते मला कळतं.

अंत्यविधीला तुम्हाला येता आलं नाही. सीमा होती.

हंबीरराव दुपारी मशीन घेऊन चरावर पोचला. तोवर आम्ही निघून गेलो होतो. कुणाला न विचारता त्यानं चर बुजवून टाकला. तुमचं कुणी अडवायला आलं नाही म्हणे. संध्याकाळी माझ्या दारात येऊन नुसता उभा राहिला. म्हणाला, "मालक, बुजीवला." मी म्हटलं, "आता कुणासाठी?" एवढा रांगडा गडी, पायरीवर बसून पोरासारखा रडला.

बाज वर घेताना चंदना काहीतरी बोलली, ते काय होतं, असं तुम्ही सम्मेदला विचारताय. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही. कुणालाच आलं नाही.

मला आलं.

ते मी तुम्हाला सांगणार नाही. फोन करू नका. मुलगी इथंच राहील.

तात्यासो मगदूम


कोल्हापूर, ७ सप्टेंबर २०२०

आण्णा,

सम्मेद काल आला होता. दर रविवारी येतो, पोरीला मांडीवर घेऊन बसतो, चहा न पिता जातो. काल त्यानं तुमचं क्षमावाणीचं पत्र दिलं. दरवर्षी ते पोस्टानं यायचं आणि माझ्या पत्राच्या आधी पोचायचं. तुम्ही मोठे, तरी आधी क्षमा तुम्ही मागायचा, आणि मी चिडवायचो की आण्णांनी वर्षभर पापं जास्त केली म्हणून घाई आहे. छापील कार्डावर महावीरांचं चित्र, खाली 'जाणता अजाणता', आणि त्याखाली तुमची सही. यंदा सहीच्या वर तुमच्या हातची एक ओळ आहे. 'चंदनाची क्षमा कुणाकडे मागू?'

यंदा बस्ती बंद, देवळाला कुलूप. दहा दिवसांची पूजा घरीच झाली. कोल्हापुरात दारोदारी माणूस पडतंय, ॲम्ब्युलन्सच्या आवाजावरून ती भरलेली चाललीय की रिकामी, हे मी आता ओळखतो. क्षमावाणीला लोक फोनवरून एकमेकांची क्षमा मागत होते. मलाही पुष्कळ फोन आले. ज्यांनी माझी कामं पळवली ते, ज्यांची मी पळवली ते. सगळ्यांना म्हटलं, उत्तम क्षमा. मातीतल्या जीवांची मागितली. हंबीररावची मागितली, तर तो म्हणाला, "मालक, मी कुठं जैन हाय?" म्हटलं, "तरी घे." मग तुमचं नाव आलं आणि मी गप्प बसलो. चंदनाची आई शेजारी होती. तिनं पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि आत गेली.

तुमची ओळ वाचल्यापासून मनात घोळतंय. उत्तर लिहिलं पाहिजे.

मे महिन्यात मी लिहिलं की ती काय बोलली ते सांगणार नाही. कारण मला तुम्हाला काहीतरी द्यायचं नव्हतं, आणि माझ्याजवळ न देण्यासारखं तेवढंच होतं. मला ठाऊक होतं की तुम्ही काय समजाल. पोरगी मामांना शाप देऊन गेली, किंवा माफ करून गेली, यातलं कुठलं, हे ठरवत तुम्ही रोज जागत बसाल. बसला असाल. तसं व्हावं म्हणूनच मी लिहिलं नाही.

तिनं शाप दिला नाही. माफही केलं नाही. असलं काही तिच्या मनातच नव्हतं.

आम्ही बाज वर ओढली, तेव्हा तिचं डोकं माझ्या हाताशी आलं. डोळे उघडे होते. मला तिनं ओळखलं. त्या दिवशी मी तुमच्या चपलेची करकर ऐकली नव्हती. तुम्ही तिथं आहात हे मला बघूनच कळलं होतं, आणि आवाज का नाही याचा मी विचारही केला नव्हता. तिनं केला होता. ती म्हणाली,

"बाबा, मामा अनवाणीच आलेत. चरात काच हाय. त्यांना आधी वर घ्या."

एवढंच. मग 'आधी वर घ्या' परत एकदा म्हणाली. मग ॲम्ब्युलन्सचं दार लागलं.

मी ऐकलं आणि काही केलं नाही. मागं वळून बघितलं नाही. तुम्हाला कुणी वर घेतलं, कधी घेतलं, आजवर विचारलं नाही. तुम्हाला साखर आहे, पायाला काच गेली तर काय होतं, हे न कळण्याइतका मी अडाणी नाही. तरी दर रविवारी सम्मेदला सगळं विचारलं, उसाचं विचारलं, म्हशीचं विचारलं, आणि तुमच्या पायाचं विचारलं नाही. काल तोच जाता जाता म्हणाला, "आण्णा हल्ली चप्पल घालत न्हाईत." जखम भरत नाही म्हणून, का तुम्ही तसला काही नेम केलाय म्हणून, हे त्यालाही सांगता येईना. तुम्ही कुणाला पाय दाखवत नाही म्हणे.

आण्णा, क्षमेचा शब्द मी आज लिहीत नाही. लिहायला बसलो तर खोटा लिहीन, आणि खोटं तुम्ही ओळखाल. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. पोरीचं नाव अजून ठेवलेलं नाही, ते तुमच्या आदितीनं, तिच्या आत्यानं, येऊन ठेवायचं. तेवढं मी अडवणार नाही.

पण चंदनानं मला एक काम सांगितलं होतं, ते माझ्याकडून झालं नाही. शिवगोंडाला उद्या सकाळी तुमच्या दारात थांबायला सांगितलंय. दुधाच्या गाडीत पुढं बसून या. रस्ता आता सरळ आहे, चर होता तिथं गाडी जरा दचकेल, तेवढी धरून बसा. राजारामपुरीतच पायाचा डॉक्टर आहे, त्याला सांगून ठेवलंय.

यायचं नसेल तर निदान पाय कसा आहे, ते खरं खरं कळवा.

तात्यासो